चाळीस पायऱ्यांचा अर्ज

ही बाई मला पहिल्या दिवशी मुळीच आवडली नव्हती. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी तिचं कौतुक करायला लागले की कोणी म्हणायला नको, हिला काय, सगळेच चांगले दिसतात. मला सगळे चांगले दिसत नाहीत. माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. माणूस दारात उभा राहिला की ह्याला पँट आखूड करायची आहे की पोट लपवायचं आहे, ते मला कळतं.

ती आली भर दुपारी. मी एका कोटाचं अस्तर उसवत बसले होते. साठी ओलांडलेली, काटकुळी, खांद्याला कापडी पिशवी, चष्मा दोरीला बांधून गळ्यात लटकवलेला. नमस्कार नाही, चमत्कार नाही, म्हणाली, "ड्रायव्हरसाहेब तुमचेच ना? सरांनी पाठवलंय मला. त्यांना रोज वर कसं नेता, ते जरा सविस्तर सांगा."

मी म्हटलं, "अहो, पण तुम्ही कोण?"

"मी अनुदानं शोधते," ती म्हणाली. एखादीने मी दूध घालते म्हणावं, इतक्या सहज. मग स्टूल ओढून बसली आणि वही उघडली. मला राग आला. आमच्या घरचं दुखणं कोणी वहीत लिहून घ्यावं, हे मला पटणारं नव्हतं.

ड्रायव्हरसाहेब म्हणजे आमचे हे. सत्तावीस वर्षं बस चालवली. अडीच वर्षांपूर्वी एका सकाळी दात घासताना हातातून ब्रश पडला, तो उचलायला वाकले ते स्वतःच पडले. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. डोकं शाबूत, कळतं सगळं, फक्त शब्द तोंडापर्यंत येत नाहीत. डॉक्टर म्हणाले, चार माणसांत बसवा, बोलतं ठेवा. चार माणसं आणायची कुठून? मुलगी लग्न होऊन लांब गेलेली, मी दिवसभर मशीनवर. आठ महिने हे खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. दवाखान्यातून येताना दहा-बारा शब्द होते, तेही गेले. मी प्रश्न विचारायची, मीच उत्तर द्यायची आणि मीच चिडायची.

मग सरांच्या मंडळाचा पत्ता लागला. सर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्या बायकोला हाच आजार होता. ती गेल्यावर त्यांनी अशा लोकांसाठी बसायची जागा काढली. एका छापखान्याच्या मालकाने दुसऱ्या मजल्यावरचा हॉल फुकट वापरायला दिला होता. दहा ते चार. हाताचे व्यायाम, पेपर वाचून दाखवणं, आणि आठवड्यातून तीनदा बोलणं शिकवणाऱ्या बाई. तिथे गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात ह्यांचा पहिला शब्द परत आला. समोरचा माणूस चहाचा कप तिरका धरून चालला होता, हे खच्चून ओरडले, "ब्रेक!" सगळा हॉल हसला. त्या दिवशी मी घरी येऊन रडले. मग रोज एक-एक शब्द येत गेला. वर्षभरात हे वाक्य बोलायला लागले. वाक्य म्हणजे तीन शब्द, आणि मध्ये माणसाने दोनदा जांभई द्यावी एवढा थांबा. पण वाक्य.

फक्त त्या हॉलपर्यंत चाळीस पायऱ्या होत्या आणि लिफ्ट नव्हती. खाली टायरचं दुकान होतं. तिथले दोघे हमाल, एक थोरले आणि एक धाकटे, ज्यांना चढता येत नाही अशांना लाकडी खुर्चीत बसवून उचलून वर न्यायचे. रोज सहा माणसं वर, सहा माणसं खाली. कधी तोंड वाकडं केलं नाही. पण त्या टायरवाल्याने दुसरीकडे गोदाम घेतलं होतं आणि सहा महिन्यांनी तो जाणार होता. हमालही त्याच्याबरोबर जाणार. मग आमचे हे पुन्हा खाटेवर, भिंतीकडे तोंड करून. लिफ्ट बसायलाच हवी होती, आणि आमच्यापैकी कोणाचीच ती बसवण्याची ऐपत नव्हती.

तर ही बाई. गावभर तिला फॉर्मताई म्हणतात. सरकारी कचेरीत तीस वर्षं आवक-जावक विभागात होती. म्हणजे आलेल्या कागदावर शिक्का मारायचा आणि गेलेला कागद टपालात टाकायचा. निवृत्त झाल्यापासून शाळांना, वाचनालयांना, असल्या आमच्यासारख्या मंडळांना कोण अनुदान देईल ते शोधून द्यायची. पैसे घ्यायची नाही. बिनसाखरेचा चहा घ्यायची, तोही अर्धा.

मी एकदा कागद द्यायला तिच्या घरी गेले. स्वयंपाकघरात गॅसच्या वर दिनदर्शिका, तिच्यावर लाल पेनाने गोल केलेल्या तारखा. डाळ-तांदळाच्या डब्यांच्या फळीवर डबे दोन आणि फायली बावीस. टेबलावर कुठल्याशा ट्रस्टचा वार्षिक अहवाल पडला होता, मधे खूण म्हणून चमचा. आपण नटनट्यांच्या भानगडी वाचतो तसे ही बाई अहवाल वाचायची.

मी विचारलं, "तुम्हाला ह्यात मिळतं काय हो?"

ती म्हणाली, "तीस वर्षं मी नकाराची पत्रं टपालात टाकली, वहिनी. गठ्ठेच्या गठ्ठे. कोणाचा एक दाखला राहिलेला, कोणी भलत्याच टेबलाकडे अर्ज पाठवलेला. उघडं पाकीट माझ्या हातात, म्हणून नकाराचं कारण मला दिसायचं. मला वाटायचं, हा माणूस उलट टपाली विचारेल, का नाही म्हणालात? एकानेही विचारलं नाही. तीस वर्षांत एकानेही नाही! आता मी विचारते."

त्या दिवसापासून ती मला जरा बरी वाटायला लागली. जराच.

सरांनी आधी अकरा ठिकाणी अर्ज केले होते. अकराही आजारपणाला मदत करणारे ट्रस्ट, आणि अकराही नकार. फॉर्मताईने ती पत्रं हॉलमधल्या टेबलावर पसरली, एकेक वाचली आणि म्हणाली, "सर, तुम्ही दवाखान्यांच्या रांगेत जाऊन उभे राहिलात. ते औषधाला देतात, यंत्राला देतात. तुमची अडचण आजार नाहीये, जिना आहे." सरांना ते लागलं. मुख्याध्यापकाला असं ऐकून घ्यायची सवय नसते.

तिची पद्धतच उलटी. लोक आधी फॉर्म वाचतात, ती फॉर्म सगळ्यात शेवटी वाचायची. आधी ती गेल्या तीन वर्षांत त्या ट्रस्टने कोणाकोणाला दिलं त्याची यादी काढायची. "फॉर्मवर काय, कोणीही काहीही छापतं," ती म्हणायची. "हात कुणाकडे गेला ते बघायचं." मग यादीतल्या लोकांना फोन. तुम्हाला मिळालं का, कधी मिळालं, बघायला कोण आलं, त्याने काय विचारलं. अनोळखी लोकांना! आणि लोक सांगायचे. पाऊण-पाऊण तास सांगायचे.

दोन महिन्यांनी एक दिवस दुकानात आली आणि माझ्या मशीनवरचं कापड बाजूला सारून तिने एक यादी पसरली. तो ट्रस्ट पुस्तकं, नाटक, संगीत ह्यांना मदत करणारा. मी म्हटलं, "आमचं कुठे नाटक आहे?"

"वाचा ना," ती म्हणाली. "ह्या वाचनालयाला काय दिलं? उतरता रस्ता बांधायला. ह्या नाट्यगृहाला? दारं रुंद करायला. हे संगीत विद्यालय, जिन्याला कठडा. वहिनी, ह्या ट्रस्टवाल्यांच्या घरात कोणीतरी चाकाच्या खुर्चीत आहे."

फोन केल्यावर कळलं, खरंच होतं. ट्रस्ट काढणाऱ्या गृहस्थांची बहीण. नाटक बघायला नेलं तर खुर्ची दारातून आत जाईना, तेव्हापासून. मी कपाळाला हात लावला. अकरा दवाखानेवाल्यांनी हाकललेलं आमचं काम ह्या बाईने नाटकवाल्यांच्या दारात नेऊन उभं केलं होतं.

पुढे छापखान्याच्या मालकाची परवानगी हवी होती. भिंत फोडावी लागणार म्हणून तो टाळत होता. आज नको, उद्या या. ती तिसऱ्या दिवशी डबा घेऊन गेली आणि त्याच्या कचेरीतल्या बाकावर बसली. तो म्हणाला, "बाई, मला वेळ लागेल." ती म्हणाली, "लागू द्या. मला बसायची सवय आहे." दुपारी चार वाजता त्याने सही केली. डबा खाऊन ती तिथेच अहवाल वाचत बसली होती म्हणे. तिथली माणसं तिच्या पायांवरून ओलांडून ये-जा करत होती.

अर्ज गेला. ट्रस्टकडून पत्र आलं की आमची अधिकारी अमुक दिवशी अकरा वाजता जागा बघायला येईल. फॉर्मताईला त्या दिवशी मुक्या मुलांच्या शाळेच्या कामाला परगावी जायचं होतं. निघताना ती मला बजावून गेली, "वहिनी, काहीही करू नका. रोजच्यासारखंच असू द्या."

आता मला सांगा, पाहुणा येणार म्हटल्यावर कोण काही करत नाही? मला वाटलं, ही भिडेने म्हणते आहे. आपल्याला शोभेल असं नको का करायला?

मीच पुढाकार घेतला, खोटं कशाला बोलू. जिना धुऊन काढला. दोन्ही वळणांवर कुंड्या ठेवल्या. सगळ्यांना निरोप दिले, साडेआठला या. हमालांनी नऊच्या आत सहाही जणांना वर पोहोचवलं, आणि घामेजलेली माणसं पाहुणीसमोर नकोत म्हणून मी त्या दोघांना चहाला पिटाळलं. ती लाकडी खुर्ची कपाटामागे लपवली. ह्यांनी तर मला डाव्या हाताने खूण करून गणवेशाचा शर्ट काढायला लावला. इस्त्री करून घातला. सगळ्यांत आधी वर जायचा हट्टही ह्यांचाच.

अधिकारी बाई अकराला आल्या. तरुण, पायांत कापडी बूट, टपाटप चढल्या. हॉलमध्ये तेवीस माणसं अगदी फोटोला बसल्यासारखी. ह्यांनी बसचे सगळे थांबे क्रमाने म्हणून दाखवले, एक चुकला नाही. बाईंनी टाळ्या वाजवल्या. उतरताना म्हणाल्या, "छान आहे हो जिना, हवेशीर."

आणि मी, ही शहाणी, म्हणाले, "हो ना! व्यायाम होतो सगळ्यांना."

तीन आठवड्यांनी नकार आला. अहो, नकार! सर खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत. म्हणाले, बारावा. ते पत्र त्यांनी फायलीला लावलं. मी घरी येऊन ह्यांना सांगितलं आणि हे भिंतीकडे वळले. टायरवाला जायला तीन महिने उरले होते.

फॉर्मताई मात्र रडली नाही की चिडली नाही. तिने त्याच दिवशी पत्र पाठवलं, पाहणीचा अहवाल द्या. आणि त्यांनी दिला. मागितला की देतात म्हणे. माझ्या दुकानात उभ्या-उभ्या तिने तो मोठ्याने वाचला. "सर्व सदस्य वरच्या मजल्यावर उपस्थित होते. जिना हवेशीर असून, सदस्यांच्या नातेवाइकांच्या मते, त्यामुळे व्यायाम होतो. लिफ्टची तातडीची गरज दिसून आली नाही."

तिने चष्मा खाली सोडला. "हे नातेवाईक कोण?"

मी मशीनकडे बघत बसले. शेवटी म्हटलं, "मी."

मला वाटलं, आता ही माझी खरडपट्टी काढणार. काढायलाच हवी होती. पण ती स्टुलावर बसली. मग म्हणाली, "चूक माझीही आहे. मी 'काही करू नका' म्हणाले. 'लपवू नका' असं म्हणायला हवं होतं." हे ऐकल्यावर मला शिव्या खाल्ल्याहून जास्त लाज वाटली.

अहवालाच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात नियम होता. तीस दिवसांच्या आत फेरविचार मागता येतो, पण नवं काही सांगायचं असेल तरच. अध्यक्षांची सही हवी, आणि ज्याला अडचण आहे त्याने ती स्वतःच्या शब्दांत सांगितलेली हवी. तीसपैकी नऊ दिवस गेलेच होते.

सरांनी सही करायला साफ नकार दिला. "म्हणजे आम्ही लिहून द्यायचं की आम्ही देखावा केला? मंडळाची अब्रू आहे काही!"

फॉर्मताई म्हणाली, "अब्रू राहील वर, सर. माणसं राहतील खाली."

सर लालबुंद झाले. म्हणाले, "तुम्ही मंडळाच्या कोण?" ती म्हणाली, "कोणी नाही. म्हणून तर सही तुमची लागते." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. तिसऱ्या दिवशीही आली. चौथ्या दिवशी सर म्हणाले, आधी ड्रायव्हर तयार होतो का बघा, मग मी बघतो. त्यांना खात्री होती, हे तयार होणार नाहीत.

आणि हे झालेच नाहीत. मी घरी विषय काढला तर म्हणाले, "नाही." तो एक शब्द ह्यांना अगदी स्वच्छ येतो. माझा तोल गेला. मी म्हटलं, "मग बसा इथेच! भिंत आहेच सोबतीला! तुमची ऐट सांभाळा, मी काय, जन्मभर दोघांचं बोलणं एकटीने बोलत राहते!" बोलले आणि जीभ चावली.

फॉर्मताई रविवारी सकाळी घरी आली. मला वाटलं, समजूत घालेल. तिने समजूत वगैरे काही घातली नाही. खुर्ची ह्यांच्या खाटेजवळ ओढली, फॉर्म काढला आणि म्हणाली, "ड्रायव्हरसाहेब, इथे लिहिलंय, अर्जदाराच्या शब्दांत. मी लिहू शकते, झकास लिहीन. पण ते माझे शब्द होतील आणि त्या अधिकारी बाईंना ते ओळखू येतील. तुम्ही म्हणाल तेवढंच लिहीन. 'नाही' म्हणालात तर 'नाही' लिहीन."

मग ती पेन धरून बसली. हे काही बोलेनात. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मी चहा करून आणला. ह्यांचे ओठ हलले, "खु... खु..."

मी म्हटलं, "खुर्ची."

फॉर्मताईने माझ्याकडे न बघता हात वर केला. वाहतूक पोलीस करतो तसा. मी गप्प बसले. तुम्हाला सांगते, माणसाचा शब्द त्याच्या ओठावर आलेला दिसतो आहे आणि आपण तो द्यायचा नाही, ह्यासारखी शिक्षा नाही. माझी जीभ वळवळत होती. पण ती बाई बसली होती, जणू बस यायला अजून तासभर आहे आणि तिला कुठे जायचंही नाही.

चार बैठका लागल्या. चार सकाळी. शेवटी कागदावर जे आलं ते असं. "दोघे उचलतात. टायर उचलतात तसं. माणसं बघतात. मी डोळे मिटतो. वळणावर थोरल्याचा दम जातो. त्याचे हात कापतात. मला कळतं. मी सत्तावीस वर्षं माणसं नेली. एकदाही पाडलं नाही. रोज वाटतं, आज पडणार. कोणाला सांगितलं नाही."

मी दारात उभी होते. रोज मी खाली उभी राहून त्यांना वर जाताना बघायची, त्यांची पाठ माझ्याकडे असायची. हे डोळे मिटतात, हे मला माहीत नव्हतं. दीड वर्षात मला कळलं नव्हतं, कारण ते सांगायला लागले की मी मधेच माझं काहीतरी सांगून मोकळी व्हायची. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि मनसोक्त रडून घेतलं.

डाव्या हाताने ह्यांनी सही केली. सगळी वाकडी, कागदाच्या बाहेर गेलेली. तो कागद वाचून सरांनी चष्मा पुसला, दोनदा पुसला, आणि त्याच्याखाली सही ठोकली. वर स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहिली, मागच्या पाहणीच्या दिवशी आम्ही ही अडचण लाजेपोटी लपवली होती.

अठ्ठाविसाव्या दिवशी अर्ज पोहोचला. फॉर्मताई स्वतः जाऊन आवक-शिक्का मारून घेऊन आली. टपालावर तिचा विश्वास नाही, इतकी वर्षं तेच काम केल्यामुळे.

त्याच अधिकारी बाई पुन्हा आल्या. ह्या वेळी पावणेदहाला, आणि ह्या वेळी कुंड्या नव्हत्या. फॉर्मताई जिन्याच्या तोंडाशी उभी होती. थोरल्याने आणि धाकट्याने खुर्ची आणली, ह्यांना बसवलं. बाई मागून चढायला लागल्या. पहिल्या वळणावर थोरले थांबले, खुर्ची टेकवली, कठड्याला धरून दम खात राहिले. बाईही थांबल्या. त्या वाकून ह्यांना म्हणाल्या, "तुम्हाला काही सांगायचंय?"

मी चार पायऱ्या खाली होते. माझं तोंड उघडलंच होतं, ते मी मिटलं. दातांनी ओठ दाबून धरला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग फॉर्मताईकडे. फॉर्मताई जिन्याच्या भिंतीकडे बघत उभी. हे घामाघूम झाले होते. मग म्हणाले, "मला... एकट्याला... जायचंय."

बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. वर गेल्यावर त्यांनी विचारलं, "जे येणं सोडून गेले, असे कोणी आहेत?" फॉर्मताईच्या पिशवीतून नऊ नावांचा, पत्त्यांचा कागद निघाला. ती म्हणाली, "चार घरं इथून चालत जाण्यासारखी आहेत. चला." आणि खरंच त्या अधिकारी बाईला घेऊन निघाली. दोघी दुपारी अडीचला परत आल्या. मी चहा विचारला तर अधिकारी बाई नको म्हणाल्या आणि वही उघडून लिहायला बसल्या.

होकार आला पाच आठवड्यांनी. सर पत्र घेऊन माझ्या दुकानात पळत आले, ह्या वयात, चपला उलट्या घालून. पण लिफ्ट काही पत्राबरोबर येत नाही. भिंत फोडायची, खड्डा खणायचा, तपासणी व्हायची. टायरवाला ठरल्याप्रमाणे गेला आणि आमचे हे पुन्हा घरी. मी धास्तावले. फॉर्मताई म्हणाली, "धास्तावून काय होतंय? तुमच्या दुकानात बाक आहे ना?" बोलणं शिकवणाऱ्या बाईंना तिने गाठलं आणि त्या आठवड्यातून तीनदा माझ्या दुकानात यायला लागल्या. खाली राहिलेले सहाही जण तिथे जमायचे. माझी गिऱ्हाइकं कपडे द्यायला यायची आणि आधी त्यांना अर्धा तास गप्पा ऐकाव्या लागायच्या. एकाने तर विचारलं, हे दुकान आहे की वर्ग? मी म्हटलं, दोन्ही, आणि बाहीचं माप द्या.

अकरा आठवडे तसेच काढले. मग एका सोमवारी लिफ्ट सुरू झाली.

समारंभ वगैरे सरांना करायचा होता, ट्रस्टवाल्यांना बोलवायचं होतं. फॉर्मताई म्हणाली, "करा हवा तर पुढच्या आठवड्यात. आज माणसं वर जाऊ देत." तिला अकराला दुसऱ्या एका शाळेत जायचं होतं. तिथल्या वर्गांचं छप्पर गळत होतं आणि अर्जाची शेवटची तारीख त्याच दिवशी होती. तरी पिशवी खांद्याला लावून ती दहाच मिनिटांसाठी म्हणून आली.

मी ह्यांची चाकाची खुर्ची लिफ्टपाशी आणली. दार उघडलं. मी खुर्चीला धरून आत पाऊल टाकणार, तेवढ्यात ह्यांनी डावा हात आडवा घातला. माझ्यासमोर. मी म्हटलं, "अहो, मी येते ना सोबत! बटण वर आहे, तुमचा हात नाही पोहोचायचा!"

"पोहोचतो," हे म्हणाले.

डाव्या हाताने चाक ढकललं, एकदा दाराला आपटले, मागे आले, पुन्हा ढकललं. आत गेले. हात लांब केला. पोहोचला. दार माझ्या तोंडावर बंद झालं.

मी वळले आणि पळतच जिन्याकडे निघाले. म्हटलं, वर दार उघडलं नाही तर? घाबरले तर? हाक मारायला शब्द आला नाही तर? दोन पायऱ्या चढले असेन, मागून फॉर्मताईने माझा दंड पकडला. काटकुळी बाई, पण पकड कसली!

"थांबा, वहिनी," ती म्हणाली. "पोहोचू दे त्यांना."

मी थांबले. वर कुठेतरी लिफ्ट थांबल्याचा आवाज आला, दार सरकल्याचा आला. मग कोणीतरी ह्यांना काहीतरी विचारलं, आणि ह्यांचा आवाज ऐकू आला. एक शब्द, मग मोठा थांबा, मग दुसरा. वर कोणी त्यांचं वाक्य पुरं करत नव्हतं. फॉर्मताईने माझा दंड सोडला, घड्याळ बघितलं आणि पिशवी सावरत रस्त्याला लागली. हे वर कितीतरी वेळ बोलत होते. काय बोलले ते चाळीस पायऱ्यांखाली मला ऐकू आलं नाही, आणि मी अजून विचारलेलंही नाही.